मोबाईलवरची फिजिओथेरपी : ‘हो’ कोणी म्हणायचे?



गेल्या काही वर्षांत उपचाराची एक नवी रीत आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचली आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, खांदा आखडला किंवा कंबर धरली, की रुग्णालयातून घरी जाताना सांगण्यात येते, “रोज इकडे यायला नको. फिजिओथेरपिस्ट मोबाईलवर दिसतील, ते सांगतील तसा व्यायाम करा.” घरातला मुलगा किंवा नातू मोबाईल धरून उभा राहतो आणि दूर शहरात बसलेला माणूस आपल्या आईला पाय उचलायला सांगतो.

ही सोय चांगली आहे, असेच आमचे मत आहे. परंतु ती घेताना एक गोष्ट आपण सर्रास वगळतो, ती म्हणजे ज्याच्या शरीरावर उपचार होणार त्याची संमती. मोबाईल मुलाचा, बोलणे मुलाचे, पैसे मुलाचे आणि ‘हो’ म्हणणेही मुलाचेच. रुग्णाला कोणी विचारीतच नाही. ही रीत बदलली पाहिजे, एवढेच आम्हांला या लेखात सांगायचे आहे.

सोय खरीच मोठी आहे

उद्यमबागेभोवतालच्या आपल्या लोकांचे जीवन सर्वांना ठाऊक आहे. मजगाव, पिरनवाडी, मच्छे या भागांतील कित्येक घरांत एक पाय शिवारात आणि एक पाय कारखान्यात आहे. दिवसा लेथपाशी किंवा भट्टीपाशी उभे राहायचे आणि पाळी सुटल्यावर शेताकडे वळायचे. पावसाळ्यात नट्टीच्या दिवसांत बायका चिखलात दिवसभर वाकून असतात; पुढे रताळी आणि बटाट्याची काढणी येते. तिकडे निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळताना मान खाली घालून तासन्‌तास एका जागी बसावे लागते. कंबर, मान, खांदे आणि गुडघे यांची दुखणी आपल्याकडे घरोघर आहेत, यात नवल नाही.

अशा रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपीसाठी शहरात जा म्हटले, तर ते होत नाही. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. मच्छेहून यायचे तरी बस, मग रिक्षा, बरोबर एक माणूस आणि त्या दोघांची बुडालेली मजुरी. चार खेपा झाल्या की पाचवी होत नाही आणि अर्धवट सुटलेला व्यायाम पुढे सांधा कायमचा आखडून टाकतो. मोबाईलने ही अडचण पुष्कळ कमी केली आहे.

या पद्धतीचा गुण येतो काय, याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात गुडघा बदललेल्या २०५ रुग्णांवर असा प्रयोग झाला. काहींकडे फिजिओथेरपिस्ट घरी गेले, काहींना घरच्या घरी पडद्यावरून शिकविले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पडद्यावरून शिकलेले रुग्ण मागे पडलेले आढळले नाहीत. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या जुनाट दुखण्याच्या ३९४ रुग्णांवरचा असाच अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेथेही तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली.

तथापि प्रत्येक दुखण्याला हे लागू पडते असे नव्हे. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतील १२५० अर्धांगवायूच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात घरच्याच एका माणसाला व्यायाम करून घेण्याचे शिक्षण दिले आणि पुढचे काम त्याने घरी करावे, अशी योजना होती. ही योजना मोबाईलवरची नव्हती, पण भार घरच्यांवर टाकण्याची कल्पना तीच. २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत शंभरात सत्तेचाळीसच होते. म्हणजे घरच्यांनी मनापासून केले, तरी तेवढ्याने भागले नाही. गुडघ्याला जे चालते ते झटक्याच्या रुग्णाला चालेलच असे नाही, हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. संमतीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पडद्यावर काय दिसत नाही

फिजिओथेरपिस्टचे अर्धे ज्ञान त्याच्या हातात असते. सांधा गरम लागतो काय, स्नायू कोठे ताठ आहे, रुग्णाने जोर लावला तर तो किती लावतो, हे हात लावल्यावाचून नीट कळत नाही. पडद्यावर चालणे दिसते, हात किती वर जातो ते दिसते, गुडघा किती वाकतो ते दिसते. पोटरीची सूज मात्र मंद उजेडाच्या खोलीत दिसेलच असे नाही. शिवाय रुग्णाचा तोल गेला तर धरायला तो तेथे नसतो. शेणाने सारवलेली ओलसर जमीन, उंच उंबरा, अंगणातली फरशी हे सारे त्याला पडद्याबाहेरच राहते.

जुनी माणसे बैल घेताना त्याच्या पाठीवरून हात फिरवीत, दात बघत, दहा पावले चालवून बघत. नुसता फोटो बघून कोणी इसार दिला नाही. येथे तर माणसाच्या शरीराचा प्रश्न आहे. पडद्यावरचा उपचार घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. त्यात काय मिळते आणि काय सुटते, हे जाणून घ्यावे एवढेच म्हणणे आहे.

संमती म्हणजे सही नव्हे

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की रुग्णालयाच्या कागदावर सही केली किंवा मोबाईलवर ‘मान्य’ असे बटण दाबले, की संमती झाली. एके काळी सावकाराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवून आपल्या वाडवडिलांनी जमिनी घालविल्या. तोही कागद ‘संमती’चाच होता. न वाचता, न समजता दिलेल्या होकाराची किंमत शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

खरी संमती कशाला म्हणावी, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात स्पष्ट केले आहे. दिल्लीतील एका ४४ वर्षांच्या महिलेला १९९५ साली केवळ तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून होकार घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते. न्यायालयाने सांगितले की सज्ञान रुग्णाच्या बाबतीत आईची संमती ही रुग्णाची संमती होत नाही आणि तपासणीला दिलेला होकार हा शस्त्रक्रियेचा होकार होत नाही. उपचार काय आहे, कशासाठी आहे, त्याचा फायदा काय, दुसरा मार्ग कोणता, धोका कोणता आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे रुग्णाला कळेल अशा रीतीने सांगितल्यावर त्याने आपखुषीने दिलेला होकार तो खरा.

ती शस्त्रक्रिया होती आणि येथे साधा व्यायाम आहे, असे कोणी म्हणेल. प्रसंग लहान असला तरी तत्त्व तेच. आईने मुलीसाठी दिलेला होकार चालला नाही, तर मुलाने आईसाठी दिलेला होकार कसा चालेल?

सरकारी नियम काय म्हणतो

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत संमतीचा नियम सोपा आहे. रुग्णाने स्वतः डॉक्टरला फोन लावला, तर त्याची संमती आहे असे धरले जाते. पण फोन डॉक्टरने, आरोग्यसेवकाने किंवा रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाने लावला, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. ती संदेश पाठवून देता येते किंवा फोनवर तोंडी सांगूनही देता येते. डॉक्टरने तिची नोंद ठेवायची असते. मध्येच थांबावेसे वाटले, तर कोणत्याही क्षणी थांबण्याचा हक्क रुग्णाला आहे.

ही तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत. फिजिओथेरपिस्टचा त्यांत समावेश नाही. फिजिओथेरपीसह इतर आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा वेगळा कायदा २०२१ साली झाला. आमचे म्हणणे असे की वाट पाहत बसण्याचे कारण नाही. डॉक्टरला जी मोजपट्टी लावली आहे, तीच आपण आपल्या घरात फिजिओथेरपिस्टलाही लावावी. चांगला फिजिओथेरपिस्ट त्याला कधी ‘नाही’ म्हणणार नाही.

भाषेची अडचण

आपल्या सीमाभागाची गोष्टच निराळी. आपल्या कित्येक कुटुंबांत घरी कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी असा प्रकार आहे. चार भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला ‘समजले ना?’ असे विचारले की तो मान हलवतो. ती मान समजल्याची नसते, संकोचाची असते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या बाबतीत एक चांगली तरतूद आहे. आपली माहिती मोबाईलवरून घेण्यासाठी संमती मागताना ती सोप्या भाषेत मागावी आणि इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत ती वाचण्याची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. मराठी, कन्नड आणि कोकणी या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. दिलेली संमती परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे, असेही तो कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले आहे. तेव्हा ‘हे मला माझ्या भाषेत सांगा’ असे म्हणणे हा उद्धटपणा नाही.

घरातला होकार

सर्वांत अवघड भाग आपल्या घरातच आहे. सासूबाईंचा गुडघा, सुनेची कंबर. व्यायाम दाखवायचा तर लुगडे वर घ्यावे लागते, पालथे झोपावे लागते. पडद्यापलीकडे अनोळखी पुरुष आणि मोबाईल धरणारा धाकटा दीर किंवा नातू. त्या बाईला संकोच वाटतो म्हणून ती अर्धाच व्यायाम करते किंवा ‘बरे वाटते आता’ असे सांगून विषय संपवते. मग आपण म्हणतो, या उपचाराचा काही उपयोग नाही. ‘मोबाईल कोणी धरायचा? बाई फिजिओथेरपिस्ट हवी काय?’ एवढे दोन प्रश्न तिला आधी विचारले असते, तर उपचार पुरा झाला असता.

कारखान्यात जाणाऱ्या आपल्या तरुणांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कामावर पाठ दुखावली आणि मालकाने फिजिओथेरपीची सोय मोबाईलवर करून दिली, तर ती आनंदाने घ्यावी. मात्र आपल्या दुखण्याची माहिती कारखान्याकडे जाणार काय, किती जाणार, हे आधी विचारावे. उपचाराला होकार आणि माहिती दुसऱ्याला देण्यास होकार हे दोन वेगळे होकार आहेत.

“एवढे विचारत बसलो तर डॉक्टर रागावतील” किंवा “धोका सांगितला तर म्हातारी घाबरून नाहीच म्हणेल” असे आक्षेप आम्ही ऐकतो. पहिल्याला उत्तर असे की रागावणाऱ्यापेक्षा समजावणारा शोधावा. दुसऱ्याबद्दल एवढेच म्हणू, की जी बाई अख्ख्या घराचे बी-बियाणे, उधारी आणि लग्नकार्ये सांभाळून म्हातारी झाली, तिला स्वतःच्या गुडघ्याचे कळणार नाही, हे आम्हांला पटत नाही. कारण कळलेला रुग्ण व्यायाम सोडत नाही. दटावलेला रुग्ण पाठ फिरताच सोडतो. रुग्णाची समज खरोखरच गेली असेल, तो बोलूच शकत नसेल, तर जवळच्या नातलगाने ठरवावे. पण ऐकू कमी येते किंवा अक्षर ओळखता येत नाही, म्हणजे समज गेली असे नव्हे.

पहिल्या दिवशी काय विचारावे

पुढील प्रश्न कागदावर उतरवून ठेवावेत आणि शक्यतो रुग्णानेच विचारावेत :

१. आपले नाव काय, शिक्षण काय, कोणत्या रुग्णालयातून किंवा दवाखान्यातून बोलत आहात? फिजिओथेरपीची पदवी आहे काय?

२. माझे दुखणे काय आहे? हात लावून तपासल्याशिवाय ते आपल्याला नक्की समजले आहे काय, की एकदा तरी समक्ष यावे लागेल?

३. या व्यायामाने काय फायदा होईल आणि किती आठवड्यांत? गुण न आल्यास पुढे काय?

४. धोका कोणता? किती दुखणे साधारण समजावे आणि कोठे थांबावे?

५. व्यायाम करताना पडलो किंवा घाबरे झाले तर कोणाला कळवायचे? माझा पत्ता व घरच्यांचा दुसरा नंबर आपण लिहून घेतला आहे काय?

६. हे बोलणे किंवा माझे चित्र मोबाईलमध्ये साठवून ठेवणार काय? ते कोण पाहील? नको म्हटले तर चालेल काय?

७. शुल्क किती? मध्येच रेंज गेली तर पैसे पुन्हा द्यावे लागतील काय? पावती मिळेल काय?

८. मला मोबाईलवर नको, समक्षच यायचे आहे असे मी उद्या म्हटले, तर माझा उपचार चालू राहील ना?

उत्तरे पटली की रुग्णाने स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या भाषेत सांगावे, “मला समजले, मी तयार आहे.” तारीख घालून ते वहीत लिहून ठेवावे. पुढे नवा व्यायाम किंवा नवा फिजिओथेरपिस्ट आला, तर पुन्हा विचारावे.

केव्हा मोबाईल बाजूला ठेवावा

काही लक्षणे अशी आहेत की तेथे कोणत्याही पडद्यावर विसंबू नये. कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेच्या आतल्या बाजूस बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे. शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला सूज व वेदना येणे. छातीत दुखणे किंवा धाप लागणे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. ताप येऊन सांधा लाल व गरम होणे. पडल्यानंतर पाय टेकता न येणे. यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. गरज वाटल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

धर्मग्रामात काय करता येईल

हे काम एकट्या घराचे नाही. आपल्या महिला मंडळातील दोघी-तिघींनी मनावर घेतले, तर ज्या घरात बायकांना मोबाईल धरायला कोणी नाही, तेथे त्या जाऊ शकतील. ज्यांच्या वस्तीत रेंज नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी सभागृहाची एक खोली पडदा लावून मोकळी ठेवता येईल. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी इंग्रजी किंवा कन्नड कागद मराठीत वा कोकणीत वाचून दाखवावा. मात्र वाचून दाखविणाऱ्याने निर्णय घेऊ नये. त्याचे काम भाषेपुरते.

या आठवड्यात ज्यांच्या घरी असा उपचार चालू आहे, त्यांनी एवढेच करावे. मोबाईल लावण्यापूर्वी आईजवळ, आजोबांजवळ किंवा पत्नीजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे, “हे काय चालले आहे ते तुला कळते का? तुला हे पाहिजे का?” उत्तर ‘नको’ असे आले, तर रागावू नये, का नको ते ऐकावे. बहुतेक वेळा त्या ‘नको’मागे एखादी लहानशी अडचण असते आणि ती दूर करणे आपल्या हातात असते.